एक पोळी जास्त

आज सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि कोणीच भुंकले नाही, तेव्हा चिकूला जाऊन पाच दिवस झाल्याचे प्रथमच नीट जाणवले. आमच्या या 11 वर्षांच्या लॅब्रॅडॉरने त्या दिवशी सकाळी नेहमीसारखी हक्काने पोळी मागून खाल्ली होती. दुपारी तो जिन्याशी कोसळला, आणि ओठ वर करून पाहिले तर हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. सोनोग्राफीत प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्त साचलेले दिसले. मोठ्या जातीच्या वयस्कर कुत्र्यांमध्ये अशी गाठ बरेचदा हिमॅन्जिओसार्कोमा या कर्करोगाची असते, ती फुटेपर्यंत बाहेरून फारसे काही कळत नाही, आणि शस्त्रक्रिया करूनही बहुधा काही महिनेच हाती लागतात, असे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. मी दयामरणाच्या संमतिपत्रावर सही केली. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून गेली आणि माझ्या मांडीवरचे त्याचे डोके जड झाले.

तेव्हापासून मनात एकच घोळते आहे, की काही गाठी साध्याही निघतात, मग त्याची तशी असली तर? ती तपासणीला पाठवलीच नाही, त्यामुळे याचे उत्तर मला कधीही मिळणार नाही. आज धीर करून डॉक्टरांना फोन केला. इतका रक्तस्राव झाल्यावर त्याला भूलसुद्धा सोसली नसती, असे ते म्हणाले आणि मला ते पटले. (रात्री पुन्हा पटेनासे होईल, हेही ठाऊक आहे.)

दुपारी आईने सवयीने एक पोळी जास्त लाटली. ती अजून डब्यात आहे.