निवृत्तीआधीची आमची वही

पुढच्या वर्षी हे साठीचे होऊन नोकरीतून निवृत्त होतील, म्हणून गेल्या रविवारी दादरच्या घरी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीनंतर प्रत्येकी ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. त्यातला काही भाग घरखर्चात न मिसळता केवळ प्रवासासाठी बाजूला ठेवावा, असा माझा आग्रह होता. "आधी औषधपाण्याची तरतूद, मग प्रवास," असे हे म्हणाले, आणि ते मला पटले.

मात्र प्रवास फार पुढे ढकलू नये असे मला मनापासून वाटते, कारण रायगडाच्या पायऱ्या चढायच्या तर गुडघे शाबूत असतानाच चढायला हव्यात. (रोपवे आहे, पण आम्हांला चालतच जायचे आहे.) रेल्वेतील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, एसटीत महिलांना निम्मे तिकीट पडते, यांना मात्र ते पासष्टीनंतर मिळेल. तरीही पहिला प्रवास एसटीने, महाडमार्गे रायगडाचाच ठरला. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही तो गड अर्ध्यावरून सोडून परतलो होतो.