इंडिकेटर डावा, उजेड उजवीकडे

मंगळवार, रात्री

दुकान आज बंदच ठेवलं. आंबिया बहाराची संत्री उतरताहेत, त्यामुळं काटोलकडं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कामं पडून आहेत. पण काकाजींच्या एमजीबीनं, म्हणजे त्यांच्या जुन्या ब्रिटिश मोटारीनं, महिन्यापासून डोकं खाल्लं होतं. १९६५ ची, दोन माणसांची, उघड्या टपाची. ती या मुलखात कशी आली, ते पुराण काकाजींनी आजही ऐकवलंच.

लक्षण गमतीचं. डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा दिवा मिणमिणतो, टिकटिक मंदावते आणि उजवीकडचा ब्रेक लाइट ब्रेक न दाबताच लुकलुकतो. शहरातल्या एका जाणकारानं अख्खं वायरिंग बदलायला सांगितलं होतं. काकाजी म्हणाले, "काहून रे, खरंच बदलावं लागते काय?" म्हटलं, "थांबा काकाजी, आधी मीटर लावू द्या."

जुन्या ब्रिटिश गाडीत वायरचा रंगच पत्ता सांगतो. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्यापुढं फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजची पण कायम चालू, काळी अर्थिंगची, म्हणजे करंटला बॉडीतून बॅटरीकडं परतीची वाट देणारी. हिरवीवर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, जांभळी रेघ म्हणजे ब्रेक. वरून या गाडीत बॉडीला प्लस जोडलेला! १९६७ पर्यंतच्या एमजीबी अशाच, आणि सीटांच्या मागं सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या.

सोबतच्या पोट्ट्यानं मीटरची बीप लावून पाहिली, वाट जोडलेली असली की ती वाजते. दिव्याचा पत्रा ते बॉडी, बीप वाजली. "भाऊ, अर्थिंग तर बराबर हाय." बीपला काय, गंजातून चिमूटभर करंट गेला तरी ती वाजते. एकवीस वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअर लागतात, ते त्या गंजातून जाणार कसे? म्हणून बल्ब चालू ठेवूनच मोजायचं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या बॉडीकडच्या टोकावर, लाल पिन दिव्याच्या पत्र्यावर, इंडिकेटर चालू. आकडा शून्याच्या जवळपास हवा. इथं टिकटिकीबरोबर उणे सातापर्यंत उडी मारत होता. उणे, कारण बॉडी प्लस.

म्हणजे डाव्या दिव्याला परतीची वाट बंद. इंडिकेटरचा करंट मग शेजारच्या ब्रेकच्या फिलामेंटमध्ये शिरायचा, तिथून ब्रेकच्या वायरनं उजव्या दिव्यात जाऊन बॉडी गाठायचा. बारा व्होल्ट तीन बल्बांत वाटले गेले, की कोणीच धड पेटत नाही.

डिकीतलं रबर उचलून काळ्या वायरचं थिंबल, म्हणजे नटाखाली आवळायचं टोक, शोधलं. पत्र्याखाली लालसर भुकटी, नटावर हिरवट पोपडे, आणि त्यावर कोणीतरी हौसेनं रंग मारलेला! हे रंगकाम करणाऱ्यांना काय म्हणावं? पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत केला, नवं थिंबल दाबलं, दातेरी वॉशर घालून आवळलं, मगच वरून ग्रीस. परत मोजलं तर आकडा जवळजवळ शून्य, टिकटिक ठणठणीत. वायर एकही बदलली नाही.

काकाजी खूश. लगेच म्हणाले, "आता हॉर्नचं पाय ना." हॉर्नपाशी जांभळ्या वायरवर बारा व्होल्ट येतात, बटण दाबलं की मात्र आवाज नाही. हॉर्नची परतीची वाट बटणातूनच आहे, तेव्हा स्टिअरिंगचं मधलं बटण खोलावं लागेल. पण उद्या सकाळी आधी एका ट्रॅक्टरचा स्टार्टर, त्याची ट्रॉली भरून उभी आहे.