चोपड्याच्या केळीबागेतील संसदीय पाहुणे

राजशिष्टाचाराच्या कामात पाहुण्यांची वेळ सांभाळणे ही पहिली जबाबदारी असते. डिसेंबरातल्या त्या दिवशी मी ती समजून-उमजून सोडली. मॉरिशसच्या संसदेचे सहा सदस्य सदिच्छा भेटीवर आले होते. दिल्लीतील बैठका आणि अजिंठा आटोपून त्यांना चोपडा तालुक्यातील एक केळीबाग दाखवायची होती, आणि वेळापत्रकात तिला २० मिनिटे होती.

कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली केळी, कापणीला आली होती. शिष्टमंडळातील ज्येष्ठ सदस्याने नुकत्याच कापलेल्या घडाचा दांडा हातात धरला आणि त्याचा चीक पांढऱ्या बाहीवर ओघळला. बागेची मालकीण पुढे होऊन म्हणाली, "दादा, आते हाऊ डाग जावाव नही."

ते ज्येष्ठ पाहुणे थबकले. त्यांचे पूर्वज कोकणातून गेलेले. मराठी त्यांनी आजीकडून ऐकलेली आणि शाळेत शिकलेली. अहिराणी त्यांनी कधी ऐकली नव्हती, तरी 'डाग' त्यांना कळला. त्यांनी सावकाश, शब्द शोधत मराठीत सांगितले, की १८३४ पासून भारतातून करारावर नेलेले मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरत आणि तिथून उसाच्या मळ्यांवर जात. त्यांच्या आजोबांच्या कपड्यांवरही असेच डाग असत.

बाईंनी विचारले, "तुमना सभामा शेतकरीसनं कोन बोलस?"

मी प्रमाण मराठीत सांगितल्यावर ते मनापासून उत्तर देऊ लागले. त्यांच्या राष्ट्रीय सभेत ६२ सदस्य निवडून येतात. शिवाय एखादा समाज मागे राहू नये म्हणून पराभूत उमेदवारांपैकी चांगली मते मिळवलेल्यांना ८ पर्यंत जागा देता येतात.

"हारेल मानुसले बी जागा देतस?" बाई एकदम म्हणाल्या. त्या स्वतः ग्रामपंचायतीला महिला राखीव जागेवर उभ्या राहून थोडक्या मतांनी पडल्या होत्या. आता प्रश्न पाहुण्यांकडून येऊ लागले: राखीव जागा कशी ठरते, निवडून आलेली बाई खरोखर बोलते का, घरचे बोलू देतात का? महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, हे त्यांनी वहीत लिहून घेतले. बांधावर कळण्याची भाकरी आणि भरीत आले, आणि मी गाड्या थांबवून ठेवल्या.

अशा भेटींमागे १९४९ पासूनचा भारतीय संसदीय गट, म्हणजे इतर देशांच्या संसदांशी संबंध ठेवणारा खासदारांचा गट असतो, लोकसभेचे अध्यक्ष त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, हे मला पाठ होते. त्या दिवशी दीड तास उलटला तेव्हा दोन देशांच्या प्रातिनिधिक व्यवस्था माझ्यासमोर एका बांधावर बसून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या, आणि ते मोडायला माझे मन तयार होईना. उशिराबद्दल वरिष्ठांना मी फोनवर खरे कारण सांगितले.

रात्री अहवाल भरताना 'केळीबागेची पाहणी' एवढाच रकाना होता. मी दोघांचे प्रश्न आणि उत्तरे लिहिलेली तीन पाने त्याला जोडली.