काब्याचं छप्पर आणि फुटकं जहाज

दाभोळला गेले की धक्क्यावर चक्कर ठरलेली, फेरीला वेळ असेल तर मशिदीपाशी टेकायचं नि खाडीकडे बघत बसायचं. यावेळी आमच्या शेजारचे चाचा खाली ओहोटीत उलटी घातलेल्या होडीशी बसलेले, फळ्यांच्या फटीत कापूस ठोकत होते. अख्खा जन्म बोटीवर गेला माणसाचा. मिलाद, म्हंजे पैगंबरांची जयंती, चार दिवसांवर आलेली म्हणून मी आपलं सहज म्हटलं, चाचा, पैगंबरांच्या गोष्टीत सगळी वाळू नि उंटच की हो, आपल्या दर्याचं काहीच नाही. तर हातोडी थांबवून म्हणाले, "काब्याचं छप्पर कशाचं होतं माहीत हाय काय गो तुला? फुटलेल्या जहाजाचं."

मला कुठलं माहीत! काबा म्हंजे मक्केतली मुसलमानांची पवित्र वास्तू, एवढंच ठाऊक. शाळेत दोन ओळी शिकलेलो, त्यात जहाज नव्हतं. घरी येऊन वाचलं तर जुन्या चरित्रांत खरंच आहे. साल 605 च्या आसपास, म्हंजे कुराण उतरायला सुरुवात व्हायच्या आधी पाचेक वर्षं. काब्याच्या भिंती पुरुषभर उंचीच्या, वर छप्परच नाही, चोरी झाली, पुराचं पाणी शिरलं, म्हणून कुरैश लोकांनी, म्हंजे मक्केतल्या मुख्य टोळीने, नवीन बांधायचं ठरवलं, पण मक्केत लाकूड कुठनं आणणार, तर एक रूमी, म्हंजे बायझंटाईन राज्यातलं, जहाज किनाऱ्याला लागून फुटलेलं, त्याच्याच फळ्या आणल्या. आणि वर्गणीत फक्त कष्टाचा पैसा घ्यायचा, व्याजाबट्ट्याचा नको, असं ठरलेलं, तो पुरला नाही म्हणून एका बाजूचा थोडा भाग बाहेरच राहिला, तो आजही अर्धगोल भिंतीच्या आत मोकळा दिसतो. हे मला फार आवडलं, आमच्या देवळाचा मंडप पण वर्गणी संपली म्हणून सात वर्षं बिनपत्र्याचा होता.

मग काब्याच्या कोपऱ्यातला पवित्र काळा दगड कोणी बसवायचा यावरून भांडण, तलवारी निघायच्या बेतात. ठरलं की आता दारातून जो पहिला येईल तो सांगेल तसं करायचं, तर आले मोहम्मद, तेव्हा 35 वर्षांचे. वडील जन्माआधीच गेलेले, आई सहाव्या वर्षी, आजोबा आठव्या, चुलते अबू तालिब यांनी वाढवलेलं, पुढे खदीजाबाईंचा माल घेऊन शामला, म्हंजे सीरियाकडे, व्यापाराला जायचे, नंतर त्यांच्याशीच लग्न झालं. गावात नाव अल-अमीन, भरवशाचा माणूस. त्यांनी चादर मागवली, दगड मधे ठेवला, प्रत्येक घराण्याच्या माणसाला एकेक बाजू धरायला लावली, नि वर आल्यावर स्वतःच्या हाताने बसवला. मिटलं भांडण.

दर्या अजून एकदा येतो. 610 मध्ये मक्केजवळच्या हिराच्या गुहेत मोहम्मदांना पहिला ईश्वरी संदेश आला, सगळ्यात आधी खदीजांनी विश्वास ठेवला, पण मक्केतल्या बड्या लोकांनी त्यांच्या मागे आलेल्या गरिबांचे नि गुलामांचे इतके हाल केले की 615 च्या सुमारास पहिली तुकडी, 11 पुरुष नि 4 बाया, जेद्द्याच्या खाली शुऐबा बंदरातून हबशला, म्हंजे समुद्रापलीकडच्या ॲबिसिनियाला, निघाली. मदिनेची हिजरत, म्हंजे स्थलांतर, 622 ची, ही त्याच्याही आधीची आणि बोटीने! मागाहून आणखी लोक गेले, कुरैशांची माणसं त्यांना परत न्यायला आली, पण तिथल्या ख्रिस्ती राजाने कुराणातल्या मरियमवरच्या आयती, म्हंजे ओळी, ऐकल्या नि त्यांना द्यायला नकार दिला. आपल्याकडे मुरूड-जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणायचे ना, ते याच हबशवरनं.

दुसऱ्या दिवशी परत गेले नि चाचांना सांगितलं, बोटीचं भाडं अर्धा दीनार पडलं म्हणे त्यांना. चाचा चमकले, हे त्यांना नवीन होतं.

"माणशी काय सगळ्यांचे मिळून?"

ते काय मी बघितलं नव्हतं.

"मग काय वाचलास गो? तो कापूस दे इकडं, भरती लागल आता."