व्हॅक्यूम क्लीनरचा पैसा आणि मानवशास्त्र

आज ग्रंथालयात ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’चे जुने अंक चाळताना मूळ लेखांपेक्षा त्यांच्याखालीच छापलेल्या, देशोदेशीच्या अभ्यासकांच्या प्रतिक्रियांत आणि त्यांना लेखकांनी दिलेल्या उत्तरांत माझा अधिक वेळ गेला. मानवशास्त्रज्ञ सोल टॅक्स यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या या नियतकालिकामागे वेनर-ग्रेन फाउंडेशनचे आर्थिक पाठबळ होते. आणि ही संस्था १९४१ मध्ये, इलेक्ट्रोलक्सच्या व्हॅक्यूम क्लीनरवर गडगंज झालेल्या अ‍ॅक्सेल वेनर-ग्रेन या स्वीडिश उद्योगपतीच्या देणगीतून उभी राहिली. (पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्यांचे नाव काळ्या यादीत घातले, हा भाग वेगळा!) मतभेद छापण्यासाठी खर्च करणारा आश्रयदाता मला दुर्मीळच वाटतो. ही संस्था आजही संशोधकाचे राष्ट्रीयत्व न पाहता क्षेत्रकार्यासाठी अनुदान देते, आणि तिच्या परिसंवादांतून निघणारे विशेषांक कोणालाही विनामूल्य वाचता येतात.