देशमुखनंतर कोण?

दिंडीची भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणखाणाची वर्गणी, भरतानाच महाराजांनी बजावलं होतं, "चालताना हातात फोन दिसला तर टाळ काढून घेईन." मी एक पाऊल पुढं गेलो. पुण्यातून निघायच्या पहाटे फोन बंद केला, पिशवीत कोंबला आणि पिशवी दिंडीच्या ट्रकात टाकली. रात्री घरी खुशाली कळवायची, बास.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा, 30 किलोमीटरच्या वर. हडपसरपर्यंत माझा हात सारखा खिशाकडे. खिशात होती राजगिऱ्याची वडी. काढायची, बघायची, परत ठेवायची. शेवटी वडीचा पार चुरा झाला.

वडकीनाल्याला विसावा झाला आणि दिवे घाट लागला. तोंडानं अभंग, हातानं टाळ, आणि मन भलतीकडंच. आधी गॅसचा सिलिंडर, मग बँकेतलं ऑडिट. तेही आटपलं, तशी टाळाच्या ठेक्यावर चक्क सातवी 'ब'ची हजेरी सुरू झाली. आवटे, कदम, काळे, गायकवाड, जगताप, देशमुख... आणि पुढं? माझ्याच बाकावर बसायचा तो. कर्कटकानं बाकावर कोरलेलं त्याचं रेल्वे इंजिन आठवलं, डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वाससुद्धा आला. नाव काही येईना. फोन असता तर शाळेच्या ग्रुपवर विचारून मोकळा झालो असतो, आणि उरलेला घाट कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक बघत चढलो असतो.

शेजारी माण तालुक्यातल्या एक आजी होत्या, डोक्यावर तुळस. त्यांना म्हटलं, "आजी, अभंगात चित्तच लागंना."

"माझं तरी कुठं लागतंय? म्हस आज-उद्या व्यायची हाय. सकाळधरनं तिच्यापाशीच हाय मी." एवढं बोलून त्यांनी पुढचं चरण बरोब्बर उचललं.

सासवडच्या दोन मुक्कामांत पायाचे फोड बसले, सोपानकाकांचं दर्शन झालं. नाव आलं नाही. जेजुरीत भंडारा उधळला, आम्ही सगळे पिवळेधमक.

संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर जमल्या. हजारो टाळांचा नुसता गजर. चोपदारांनी दंड उंचावला आणि सगळं चिडीचूप. एकाच दिंडीचे टाळ वाजत राहिले, म्हणजे त्यांची काहीतरी तक्रार. चोपदारांनी ती ऐकून घेतली, मग हरवलं-सापडलं पुकारायला लागले. एक चष्मा. एक पिशवी. एक मोबाइल. मोबाइल म्हटल्याबरोबर आसपासचे सगळे हात खिशावर गेले, माझाही. हाताला फक्त राजगिऱ्याचा चुरा लागला.

"धुमाळ!" मी जवळजवळ ओरडलोच.

आजींनी वळून पाहिलं. "काय गावलं, माउली?"