ठकीची ओली गोधडी आणि एक नोंदवही

आमची ठकी आता 13 वर्षांची आहे. ती देशी कुत्री, वजनाने 18 किलो, आणि वयाच्या पहिल्याच वर्षी तिची नसबंदी झालेली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका पहाटे तिची गोधडी एका कडेला ओली लागली, तेव्हा पाण्याचे भांडे कलंडले असावे असे समजून मी ती दोरीवर टाकली आणि विसरून गेले. चार दिवसांनी पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या वेळी ती दिवाणावर झोपली होती आणि गादी भिजली, तेव्हा मात्र मी तिच्यावर ओरडले. ती दचकून उठली, त्या ओल्या डागाकडे पाहिले, आणि जणू दुसऱ्याच कोणी तो केला असावा तशी हुंगू लागली. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, रागावू नकोस तिला. तिला कळलेलंच नाहीये ते."

त्यांचे ते वाक्य पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली ठरले. म्हाताऱ्या कुत्र्याने घरात लघवी केली, एवढ्यावरून काहीच निदान होत नाही; ते कळून झाले की न कळत, हा पहिला प्रश्न असतो. झोपेत थेंब थेंब किंवा थारोळे होण्याइतके गळणे वेगळे, दर अर्ध्या तासाला बसून चार थेंब टाकणे वेगळे, दाराशी जाता जाता वाटेतच सुटणे वेगळे, आणि उभ्या उभ्या भलत्याच कोपऱ्यात करून मग भांबावल्यासारखे पाहत राहणे वेगळे. पहिल्यात मूत्रमार्गाचे तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडलेला असतो, दुसऱ्यात बहुधा मूत्राशयाला संसर्ग किंवा खडा असतो, तिसऱ्यात पुष्कळदा सांधे दुखत असल्यामुळे उठायलाच उशीर झालेला असतो, आणि चौथ्यात मेंदूचे वय झालेले असते. आम्ही ज्या पशुवैद्यांकडे आधी गेलो, त्यांनी "वय झालं आता" एवढेच म्हटले, आणि त्या उत्तराचा राग मला अजूनही येतो, कारण वय हा काही आजार नव्हे.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी औषध देण्याआधी मला एक वही घालायला सांगितली. कधी गळले, झोपेत की जागेपणी, किती, आणि दिवसभरात पाणी किती प्यायली, एवढेच त्यात लिहायचे होते. पाण्यासाठी मी बाटलीने मोजून भांडे भरत असे आणि रात्री उरलेले वजा करीत असे. निरोगी कुत्रे दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पिते, आणि हा आकडा 100 च्या वर गेला तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंगचा आजार (यात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होते) अशा गोष्टींचा शोध घ्यावा लागतो. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तरीही तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. ठकी दिवसाला एक लिटरच्या आसपास पीत होती, म्हणजे तहान वाढलेली नव्हती. एक कबुली येथे द्यायला हवी: वही सुरू करण्याआधीचे दोन दिवस, शेजारच्या काकूंच्या सल्ल्यावरून, मी संध्याकाळी सहानंतर तिचे पाणी उचलून ठेवत होते. ते चूक होते. पाणी तोडल्याने गळणे थांबत नाही, लघवी दाट होते, आणि मूत्रपिंडे आधीच थकलेली असतील तर कुत्रे झपाट्याने खालावू शकते.

लघवीचा नमुना गोळा करणे हे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे. पहाटेची पहिली लघवी हवी असते, आणि ठकी खाली बसली की जमीन आणि तिच्यामध्ये जेमतेम चार बोटांचे अंतर उरते. शेवटी लांब दांड्याची एक जुनी पळी उकळून घेऊन मी तिच्या मागे मागे इमारतीच्या आवारात फिरले. वॉचमनकाकांनी तीन दिवस हे पाहिले आणि काही विचारले नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या नमुन्यात लघवीचे विशिष्ट गुरुत्व 1.032 आले, म्हणजे मूत्रपिंडे लघवी नीट दाट करीत होती. पण पू पेशीही दिसल्या, म्हणजे संसर्गाची शंका होती. पळीतला नमुना कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी, चालत नाही, कारण त्यात बाहेरचे जंतू मिसळतात, म्हणून सोनोग्राफी करताना पोटातून सुईने थेट मूत्राशयातली लघवी काढण्यात आली. हे ऐकून माझ्याच पोटात गोळा आला होता, ठकी मात्र बिस्किटाकडे पाहत पडून राहिली. सोनोग्राफीत खडा नव्हता. तीन दिवसांनी कल्चरचा अहवाल आला, त्यात ई. कोलाय नावाचा जंतू निघाला आणि कोणते प्रतिजैविक त्याच्यावर चालेल तेही कळले. घरात आधीच्या एका आजारपणातल्या गोळ्या उरल्या होत्या आणि त्या द्यायचा मोह मला झाला होता. दिल्या असत्या तर कल्चरमध्ये जंतू दिसलेच नसते आणि आजार मात्र तसाच राहिला असता.

संसर्ग गेला, आणि गळणे निम्म्यावर आले, पण थांबले नाही. वहीत आता एकच चित्र उरले होते: फक्त गाढ झोपेत, बहुतेक पहाटे, आणि बाहेर नेल्यावर मात्र व्यवस्थित, एका दमात, नेहमीइतकी लघवी. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक कमी झाल्याने मूत्रमार्ग आवळून धरणारा तो स्नायू सैल पडतो, कधी शस्त्रक्रियेनंतर लवकरच, तर कधी कित्येक वर्षांनी. त्यासाठी तिला इस्ट्रिऑलची (इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराची) गोळी सुरू झाली. आधी रोज, मग गुण येताच जितक्या कमी मात्रेत भागेल तितकी कमी करत नेण्याची ही पद्धत आहे, आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची असते. दहाव्या दिवशी गोधडी कोरडी होती. मी ती दोनदा हाताने चाचपून पाहिली.

घरातली व्यवस्था आम्ही हळूहळू शिकलो. गोधडीखाली मेणकापड, आणि वर सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांच्या चार घड्या, कारण त्या ओल शोषतात आणि रोज धुता येतात. औषधाच्या दुकानात आजारी माणसांसाठी मिळणारे अंडरपॅड प्रवासात उपयोगी पडले. डायपरला शेपटीसाठी भोक पाडून पाहिले, ते तिने पाच मिनिटांत फाडून काढले. फरशीला फिनेल लावणे बंद केले. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसून घेतले की वास जातो, आणि अमोनिया असलेले द्रव तर मुळीच वापरू नये, कारण त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखाच लागतो. ओलीमुळे मांड्यांच्या आतली कातडी लाल होते, म्हणून तेथले केस कापून, कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे लागते. बाळांना लावायची मलमे मात्र लावू नयेत. त्यांपैकी बऱ्याच मलमांत झिंक ऑक्साइड असते, कुत्रे ते चाटते, आणि पोटात गेलेले जस्त त्याला विषारी ठरते.

एक गोष्ट मात्र नोंदवहीची वाट पाहू देत नाही. कुत्रे वारंवार बसते, कुंथते, आणि लघवी येतच नाही, असे दिसले तर त्याच तासाला दवाखाना गाठावा. नर कुत्र्यांमध्ये मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे खडा अडकण्याचा धोका अधिक, आणि लघवी पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

गोळी आता दिवसाआड चालू आहे. थंडीत तिचे मागचे पाय आखडले, तेव्हा पुन्हा दोनदा गोधडी भिजली, पण ती उठता न आल्यामुळे, असे वहीवरून दिसले. म्हणून तिच्या जागेपासून दारापर्यंत गुळगुळीत फरशीवर चटया अंथरल्या. सध्या पावसाळा आहे, साड्या वाळत नाहीत, आणि रात्री अकरा वाजता मी त्यांना इस्त्री करीत असते. ठकी इस्त्रीच्या टेबलाखाली घोरत पडलेली असते.